पोस्टवालीचं पाणी

सोमवार, ३ तारीख

मुतखडा सुनेला, आणि वही माझ्या गळ्यात. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, पिणार ती, जाणार ती, मग लिहायचं मी का? तर म्हणतात, "तुम्ही घरीच असता ना आजी." घरी असलेली बाई रिकामी असते असं ज्या मानतात, त्या सगळ्या घराबाहेर असतात.

असो. वहीला नमस्कार. मी चौथीपर्यंत शिकले, त्यातली तिसरी दोनदा. अक्षर वेडंवाकडं आहे, पण काय म्हणायचंय ते कळतं. पुढच्या पानांवर आकडे, ते डॉक्टरीणबाईंचे. वही उलटी धरून मागून लिहीन ते माझं. दुसऱ्या कुणी वाचलं तर आपल्या हिमतीवर वाचावं.

सून पोस्टात आहे. पत्रं वाटते. साडेसातला पिशवी भरून निघते, ती तीनपर्यंत चालतच असते. तिला नेमून दिलेल्या भागाला ते लोक बीट म्हणतात. हिच्या बीटमध्ये चारशे दारं आहेत, जिने वेगळे. मागच्या महिन्यात एक खडा काढला. आता फोटोत दुसरा दिसतोय, लहान. "हा अडकला तर डावी किडनी वाचेल असं मी सांगू शकत नाही," हे डॉक्टरीणबाईंनी उद्या ऊन पडेल म्हणावं तसं सांगितलं. औषध काय, तर पाणी.

"आठ ग्लास ना?" मी विचारलं. नातीच्या शाळेत भिंतीवर आठ लिहिलंय. नातीला आम्ही टिकटिक म्हणतो, झोपेतसुद्धा बोलते.

"भिंतीला घाम येत नाही आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळ्यांना एकच आकडा नसतो. बसून काम करणाऱ्याचं वेगळं, चालणाऱ्याचं वेगळं. ही उन्हात सात तास चालते, त्यात खडा. तीन लिटर तरी हवं. ऊन वाढलं तर आणखी. एकदम ढसाढसा नाही, दिवसभर थोडं थोडं. आणि लघवी फिकट दिसली पाहिजे."

तर लिहायचं असं: सकाळचं वजन, घरी आल्यावरचं वजन, पाणी किती, रंग कसा. वजन कशाला ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एकाहत्तराव्या वर्षी सुनेचा हा रंग लिहायची वेळ आली, तेवढं पुरे होतं.

मंगळवार, ४

लिटरच्या दोन बाटल्या मी स्वतः भरल्या. दोन लिटर वाटेवर, एक घरी, असं ठरवलं. परत आली तेव्हा दोन्ही रिकाम्या. मी उलट्या करून पाहिल्या.

आल्या आल्या बूट न काढता संडासात धावली. लादी मी सकाळीच पुसली होती. बाहेरून विचारलं, "रंग?" आतून म्हणाली, "फिकट." दार उघडायच्या आत पाणी ओतल्याचा आवाज. बाहेर येऊन नळालाच तोंड लावलं. दोन लिटर पिऊन आलेली बाई नळाला चिकटते म्हणजे पाण्याची सवय लागलीय. चांगलं लक्षण. तसं लिहिलं.

गुरुवार, ६

सकाळी अठ्ठावन्न किलो चारशे. दुपारी छप्पन सातशे. काल, परवाही तसंच. मुलाशी भांडण झालं.

मुलगा वजनकाटे दुरुस्त करतो. हा काटा त्यानेच दुकानातून आणला. मी म्हटलं, तुझ्या काट्याला लाज आहे का? एवढं पाणी पोटात घेतलेल्या बाईचं वजन वाढेल की कमी होईल? त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बायकोवर डाफरला तर एक वेळ ऐकून घेईन, पण काट्याचं कुणी काही बोललं की त्याचा चेहरा बघावा. पितळेची वजनं आणली, एकेक ठेवून दाखवलं. "बघ. काटा ग्रॅमाला चुकत नाही."

"मग तुझी बायको चुकते का?"

"ती झिजतेय," म्हणाला. "मी कधीपासून सांगतोय, झेपत नसेल तर सोड."

सून कपडे वाळत घालत होती. तिने चिमटा लावला, दुसरा लावला.

मलाही तेच वाटतं. चालून चालून बाईचं मांस उतरतंय. उद्यापासून डब्यात दोन अंडी जास्त.

रविवार, ९

आज तिला सुट्टी. वजन सकाळी जेवढं तेवढंच संध्याकाळी. रंग फिकट, आज मी स्वतः पाहिला, कारण ती ओतायला विसरली. पाणी तीन लिटरच्या वर, तेही कुणी न सांगता. म्हणजे पाणी रोजच्याएवढंच, चालणं मात्र नाही, आणि वजन जागच्या जागी. दोष चालण्याचा, हे मी पुढच्या पानावर खाली रेघ मारून लिहिलं. डॉक्टरीणबाई बघतील म्हणून अक्षर बरं काढलं.

बुधवार, १२

पहाटे कळ आली. टॉवेल दातात धरून मोरीत बसली होती. मी पाठ चोळली. पाठ चोळून खडा हलत नाही हे मला ठाऊक आहे, पण हाताला काहीतरी काम लागतं. तासाभराने उतरली.

मी म्हटलं, आज रजा टाक.

"आई, दोन महिने राहिलेत."

दोन महिन्यांनी नोकरी पक्की होणार. तोवर कच्ची. कच्चीत तक्रार आली की घरी. मागच्या खड्यात रजा संपल्या आहेत. साडेसहाला वेणी घालून निघाली. बाटल्या मी दिल्या. आल्यावर रिकाम्या. पाणी पिण्यात या बाईने एक दिवस खाडा केला नाही, हे मी डॉक्टरीणबाईंना आवर्जून सांगणार आहे.

शुक्रवार, १४

आवर्जून सांगितलं आणि तोंडात मारल्यासारखं झालं.

डॉक्टरीणबाईंनी आधी पाण्याचा रकाना पाहिला, मान डोलावली. मग वजनाचा पाहिला. मग पुन्हा पाण्याचा. मला म्हणाल्या, "आजी, वाटेवर दोन लिटर पिऊन रोज पावणेदोन किलो कमी?"

"चालते ना."

"चालून सात तासांत एवढी चरबी जात नाही. जातं ते पाणी, घामाने. घामात गेलं तेवढं प्यायली तर वजन साधारण जिथल्या तिथे राहतं. यात एक तर काटा खोटा, नाहीतर वही खोटी."

काटा माझ्या मुलाने पितळेच्या वजनांनी तपासलाय, मी म्हटलं.

"मग उरलं काय?" असं म्हणून त्या हात धुवायला गेल्या.

सून खिडकीबाहेर बघत होती. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. जाताना डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "वाटेत कितीदा जातेस?" ती म्हणाली, "जाते की." त्या मला म्हणाल्या, "हा रकाना मी द्यायला विसरले."

मला आयुष्यात लोकांनी बरंच काही म्हटलंय. भांडकुदळ म्हटलं, ते मी नाकारत नाही. पण खोटारडी कुणी म्हटलं नव्हतं. सोमवारी मी स्वतः बीटवर जाणार. बाटली तिच्या तोंडाला लागलेली दोन डोळ्यांनी बघणार आणि तारीख-वेळ घालून लिहिणार. मग बघू वही कुणाची खोटी.

सोमवार, १७

सगळं लिहायला दोन बैठका लागल्या.

गुडघ्यामुळे मागे मागे चालणं जमणार नव्हतं. बसने तिच्या बीटच्या अर्ध्यावर गेले. तिथे चष्म्याचं दुकान आहे. आत जाऊन नंबर तपासायचाय म्हणाले. चष्मेवाला बोलका निघाला. पोस्टवाली माझी सून म्हटल्यावर खुर्ची पुसून दिली.

"फार दयाळू हो तुमची सून," म्हणाला. "एवढी उन्हातान्हात फिरते, पण रोज बारा वाजता आमच्या दारातल्या कुंडीला पाणी घातल्याशिवाय पुढे जात नाही. अख्खी बाटली."

कुंडी बघितली. झाड माजलं होतं. आमच्या घरात या दोन आठवड्यांत फक्त या झाडाचं वजन वाढलं असणार.

बाराला पाच कमी असताना ती आली. ओठ पांढरे पडलेले, सदऱ्यावर मिठाचे डाग. दुकानात पत्र टाकलं, बाटलीचं झाकण उघडलं, कुंडीवर वाकली. मी काचेच्या आडून बाहेर आले.

"काय चाललंय?"

दचकली नाही. बाटली पूर्ण ओतून झाल्यावर म्हणाली, "झाडाला पाणी घालतेय."

"आणि दुसरी बाटली?"

"ती पुढच्या गल्लीत. तिथे पण झाड आहे."

"मी रोज भरून देते ते झाडांना?"

"प्यायलं की जावं लागतं आई. जायचं कुठे?"

मी तिच्या हातातली रिकामी बाटली घेतली.

तिथल्या पायरीवर बसून तिने सांगितलं, जसा पत्ता सांगावा तसं. पोस्टातला संडास मागे राहिला, चालत चाळीस मिनिटं. हातात यंत्र दिलंय, ते दर दाराची वेळ नोंदवतं. दहा मिनिटं थांबलं की तिकडे कळतं. बाकीचे सगळे पुरुष, ते बंद कारखान्याच्या भिंतीकडे तोंड करून मोकळे होतात. या बीटवर बाई ही पहिलीच. पहिल्या आठवड्यात एका दारात विचारलं होतं. "त्यांनी दार लावून घेतलं," म्हणाली. "कडी घातलेली ऐकू आली."

"घरी का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दोघं काय म्हणाला असता?"

सोड म्हणालो असतो.

यंत्र वाजलं. ती उठली. मी तिचा दंड धरला आणि परत दुकानात नेलं. चष्मेवाल्याला विचारलं, "तुमच्याकडे संडास आहे?"

"आहे की. तुम्हाला जायचंय?"

"मला नाही. हिला. रोज, बारा वाजता."

सुनेने डोळे मिटून घेतले. चष्मेवाल्याने हातातला चष्मा घातला, तो गिऱ्हाइकाचा होता, तसाच घालून आमच्याकडे पाहिलं. "मागच्या दाराने येत जा ताई," म्हणाला. "आधी सांगायचं नाही का? आम्ही आपले झाड कसं छान वाढतंय म्हणून खूश."

मला हुरूप आला. पुढच्या गल्लीत शिंपीण आहे. तिने शिलाईचा पाय न थांबवता म्हटलं, "डावीकडे. कडी वर करून ओढायची, अडकते." तिसऱ्या मजल्यावर निवृत्त शिक्षिका. तिने आधी वेळ विचारली, मग वहीत टिपून घेतली. मग एक सोनेरी पाटीचं घर लागलं. बाई दारात उभी राहून म्हणाली, आम्ही बाहेरच्यांना आत घेत नाही, कालच नवी लादी बसवलीय. मी म्हटलं, "संडास आहे की संग्रहालय? तिकीट काढून बघायला येऊ का?" दार लागलं. सून जिन्यात माझ्या चार पायऱ्या खाली उभी होती.

"आई, तुम्ही माझी अब्रू काढलीत."

"अब्रूत खडे होत नाहीत," मी म्हटलं. तेव्हा मला ते फार चांगलं उत्तर वाटलं.

मंगळवार, १८

सून माझ्याशी बोलत नाही. पण चष्मेवाल्याकडे गेली. शिंपिणीकडेही. टिकटिककरवी निरोप दिला: "आजी, आई म्हणाली लिही, दोनदा." नवा रकाना आखला.

पुढची सगळी जुनी पानं मी रद्द केली, प्रत्येकावर तिरकी रेघ. मी काय लिहीत होते? घरातून किती पाणी गेलं ते. बाईत किती गेलं ते कुणी मोजलंच नाही, आणि काटा रोज ओरडून सांगत होता तेव्हा मी काट्याला नावं ठेवली. मुलाला सांगितलं, तुझा काटा खरा होता. "मग?" म्हणाला. क्षमा कशी मागतात ते मला येत नाही, म्हणून त्याला चहा दिला.

शुक्रवार, २१

सकाळी अठ्ठावन्न तीनशे, दुपारी सत्तावन्न नऊशे. रंग फिकट, खरा. बूट दारात काढले. कळ नाही.

सून बोलायला लागली. म्हणाली, शिंपिणीची कडी खरंच अडकते.

सोमवार, २४

पोस्टातून मेमो मिळाला. साहेबांच्या सहीचा. "आपण कामाच्या वेळेत नागरिकांच्या घरी शौचालयाची मागणी करत फिरता, व नकार दिल्यास आपल्यासोबतची व्यक्ती अपमान करते, अशी लेखी तक्रार आली आहे. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा."

आपल्यासोबतची व्यक्ती म्हणजे मी. तक्रार सोनेरी पाटीवालीची. गल्लीच्या पेटीतून ते पत्र हिनेच काढलं, हिनेच पिशवीत घालून पोस्टात नेलं.

मुलगा म्हणाला, "माफी लिहून दे. पुन्हा होणार नाही म्हणायचं, विषय संपला. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

मी भाजी निवडत राहिले. त्याने दोनदा माझ्याकडे पाहिलं, बरं वाटत नाही का म्हणून.

मंगळवार, २५

बाटल्या भरलेल्याच परत आल्या. झाडाला घातलं नाही, एवढाच फरक. अठ्ठावन्न तीनशे, छप्पन पाचशे. संडास: शून्यदा. रंग तिनेच सांगितला, चहासारखा, बिनदुधाच्या. कमरेला हात लावून बसते आणि कुणी पाहिलं की काढते.

मला राहून राहून वाटतं, मी त्या दिवशी तीन दारं मिळवली तेव्हाच घरी यायला हवं होतं. चौथ्या दारात मला जिंकायचं होतं. जिंकले. आता किडनी की नोकरी, यातलं एक निवडायची पाळी तिच्यावर आली आणि ती नोकरी निवडून बसलीय.

बुधवार, २६

मुलाने माफीचं पत्र लिहून टेबलावर ठेवलं. अक्षर सुरेख. फक्त तिची सही हवी होती. दुपारी ती पेन घेऊन बसली. मी तिच्यापुढे वही ठेवली, सरळ बाजूने.

"हे वाच. मग सही कर, नाहीतर नको करू."

पहिल्या पानापासून वाचलं. बोट रकान्यावरून फिरवत होती. "आई, या तिरक्या रेघा कसल्या?"

"खोटी पानं. माझी."

"तुमची कशी? पाणी मी ओतलं."

"लिहिलं मी."

पुढचीही वाचली. ते दिवस, ज्यात काट्याचा आकडा फारसा हलला नव्हता. मग कालचं. बराच वेळ कालच्या पानावर होती. मग मुलाचं पत्र बाजूला सरकवलं, फाडलं नाही, आणि कोरा कागद घेतला. मी म्हटलं, त्यात लिही की त्या पाटीवालीने...

"आई, तुम्ही नका सांगू."

लग्न होऊन बारा वर्षं झाली, हे वाक्य तिने मला पहिल्यांदा ऐकवलं. मी भांडी घासायला गेले.

लिहून झाल्यावर टिकटिकने मोठ्याने वाचलं, तिला कुणी सांगितलं नव्हतं:

"साहेबांस. मी साडेसातला निघते व तीनला परत येते. मधले चार-पाच दिवस सोडले तर आजवर मी वाटेवर पाणी प्यायले नाही, त्याने माझ्या किडनीत दुसऱ्यांदा खडा झाला आहे. मधल्या साडेसात तासांत या बीटवर बाईने कुठे जायचं, हे पोस्टाने मला सांगितलेलं नाही. ते लेखी कळवावं. तोवर ज्यांनी आपण होऊन दार उघडलं, त्यांच्याकडे मी जाईन व त्या वेळी यंत्र थांबवीन. माझ्या सासूबाई कुणाला वेडंवाकडं बोलल्या असतील तर त्याबद्दल दिलगीर आहे. सोबत वजनाची पानं जोडली आहेत."

मुलगा संध्याकाळी आला, वाचलं, म्हणाला, "नोकरी गेली तर?" ती म्हणाली, "गेली तर गेली, असं मी म्हणणार नाही. मला हवी आहे. म्हणून तर विचारलंय."

त्याने वजनाची पानं वहीतून नीट पट्टी लावून फाडली आणि प्रत्येकावर काट्याचा क्रमांक घातला.

गुरुवार, २७

पत्र सकाळी दिलं. बाटल्या घेऊन गेली. अठ्ठावन्न दोनशे, सत्तावन्न आठशे. दोनदा. रंग फिकट.

दुपारी एक वाजता घरी फोन. साहेब स्वतः. आवाज तुपासारखा. "घरात मोठं कोण आहे? हे बघा, असले विषय लेखी वाढवायचे नसतात. बाई साध्या आहेत, त्यांना कुणीतरी भरीला घातलंय. तुम्ही वडीलधाऱ्या, समजावा त्यांना. पत्र परत घेतलं तर मी मेमो विसरतो."

माझ्या जिभेवर इतकं आलं होतं की मोजायला डॉक्टरीणबाईंचा रकाना पुरला नसता. साहेबांच्या खोलीला लागूनच त्यांचा स्वतःचा संडास आहे, हे मला सुनेने सांगितलंय. ते गिळलं. म्हटलं, "पत्र तिने दिलंय. ती आता बीटवर आहे. तीनला येते." आणि फोन ठेवला.

ते पुन्हा फोन करणार, म्हणून भिंतीवर फोनशेजारी चिठ्ठी लावली आहे, मोठ्या अक्षरात. इथेही उतरवून ठेवते, चिठ्ठी पडली तर.

पोस्टातून फोन आला तर मुलाने माफी मागायची नाही, काटा दुरुस्त करत बसावं. टिकटिकने फक्त "आई तीनला येते" म्हणायचं, पुढे एक शब्द नाही. मी फोन उचलायचाच नाही, साहेबांनी माझं नाव घेऊन बोलावलं तरी. तिने कागदावर विचारलंय. उत्तर साहेबांनी द्यायचं, तिलाच द्यायचं, आणि कागदावर द्यायचं.